देवकीच्या दोरीवरचे लंगोट

माझी आई प्रेमिला गिरणीच्या रीलिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गोष्ट सांगायची तर नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. देवकीमावशीची गोष्ट मात्र तिनं मला मावशी गेल्यावर, माझं लग्न ठरलं तेव्हाच सांगितली, तीही दार लावून. आता आई नाही आणि मावशीही नाही. जे लपवायची शपथ आईनं घेतली होती, ते लपवण्याजोगंही आता राहिलं नाही. म्हणून लिहिते.

देवकीचं माहेर नागपूरचं, शिंप्याचं. सासर नरखेडकडच्या एका खेड्यात. दहा वर्षं संसार झाला, मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी केली. दुसरीला दिवस गेले तेव्हा सासू म्हणाली, "तू काही दिवस माहेरी जाऊन ये. तुझी सावली नको तिच्यावर." काही दिवसांसाठी म्हणून आली ती कायमचीच. वर्षभरानं भाऊ कामासाठी रायपूरला गेला. जाताना हातानं फिरवायची जुनी मशीन तिच्यापाशी ठेवून गेला. सासरहून परत बोलावणं काही आलं नाही.

ही तेहतीस-चौतीस सालची गोष्ट. इतवारीत कापड बाजाराच्या मागं एक बोळ होती, तिथं देवकीची एक खोली. खोलीपुढं चार पावलांचं अंगण, तुळस, आणि दोन खांबांना बांधलेली दोरी. दुकानांतून कातरण निघायची, ती आणून देवकी लहान लेकरांची झबली, टोपडी, कुंच्या शिवायची. दुकानदार ती विकायचा, पण कोणी शिवली ते गिऱ्हाइकाला सांगायचा नाही. वांझ बाईच्या हातचं टोपडं कोण आपल्या लेकराच्या डोक्यावर घालील? देवकीला हे ठाऊक होतं. ती टोपड्याचा शेवटचा टाका घालताना देवाचं नाव घ्यायची, म्हणजे तिच्या हाताचं काही लागू नये.

समोरच्या घरात रुख्मिणी राहायची. तिचा नवरा नत्थूजी एका दुकानात कापड मापायला होता. रुख्मिणीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरा मनोहर. सासू जिजाबाई कुहीला लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडंच राहिली होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. दुपारी नत्थूजीचा डबा पोचवायचा, पाणी भरायचं, मग लेकराला कोण पाहणार? रुख्मिणी त्याला देवकीच्या मांडीवर टाकून जायची.

"रडला तं आवाज द्याजा," ती म्हणायची.

तो रडत नसे. मशीनचं चाक फिरलं की त्याचे डोळे फिरायचे, आणि चाक थांबलं की तो हुं करायचा. दिवसातले ते दोन-अडीच तास. बाकी दिवस देवकी कोणाशी बोलतही नसे. दुकानाचा माणूस आला तर "ठेव तिथं" एवढंच.

महिन्याचे चार दिवस मात्र मनोहर यायचा नाही. देवकी चार दिवस काटेकोर पाळायची. आई म्हणायची, एकटी बाई, ती बाजूला बसणार तरी कोणापासून? पण देवकी बसायची. देवाला हात लावायची नाही, तुळशीजवळ जायची नाही, आदल्या दिवशीच्या भाकरी आणि फुटाणे खायची. सकाळीच दारातून रुख्मिणीला सांगायची, "चार दिवस नको आणू वं." आणि मग समोरच्या घरातून लेकराचा आवाज आला की मशीन जोरात फिरवायची.

माझी आई तिच्याकडं पहिल्यांदा गेली ती चोळी शिवायला. माप दिलं, पण बसायचं नाव नाही.

"बस ना वं," देवकी म्हणाली.

"उभीच बरी हाय."

"गिरणीत दिवसभर उभी अन् इथंही उभी? काहून, गादी आणू का तुयासाठी?"

आईला हसू आलं आणि हसता हसता रडूच आलं. तिच्या मांड्या आतून सोलवटल्या होत्या. गिरणीत चार दिवस बाजूला बसायला कोण देतो? भोंगा झाला की फाटकात असावं लागे, आणि मग दहा तास रीळापाशी उभं. कंबरेच्या दोऱ्याला जुन्या लुगड्याचं फडकं अडकवलेलं. ते सरकायचं, घासायचं. जीव सगळा लुगड्याला मागं डाग लागला का इकडंच. शिवाय ते फडकं कधी धड वाळलेलं नसे. ते धुवायचं कोणाच्या नजरेआड, आणि वाळवायचं चुलीमागं गोवऱ्यांच्या आड, वर पोतं टाकून. पुरुषाची नजर पडू नये, देवाची पडू नये, सूर्याची तर नाहीच. ओलंच पुन्हा बांधायचं. रीलिंग खात्यातल्या साऱ्या बायकांचं हेच होतं. कोणी त्यावर बोलत नसे; फक्त चालण्यावरून एकमेकींना कळायचं.

देवकीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "चोळी आठ दिवसांनी ने. अन् मी दुसरंही काही पाह्यते."

पहिलं जे शिवलं ते फसलं. तिनं मऊ धोतराच्या आठ पदरांची पट्टी गोधडीसारखी टाके घालून शिवली, दोन्ही टोकांना नाड्या लावल्या. आधी वाटीनं पाणी ओतून पाहिलं. मग आपली पाळी आली तेव्हा स्वतः बांधून शुक्रवारी नावाच्या तलावाला दोन फेऱ्या मारल्या. सरकली नाही, घासलीही नाही. पण धुतल्यावर दोन दिवस झाले तरी आतून ओलीच, आणि वास यायला लागला. आईनं हातात घेऊन पाहिलं नि म्हणाली, "हे तं गोधडी झाली वं बाई. याच्यावर लेकरू झोपवावं."

देवकी हसली नाही. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. नेसताना जाड पाहिजे आणि वाळताना पातळ पाहिजे, हे एकाच कपड्यात कसं यावं?

तीन महिने तिनं शिवून उसवून पाहिलं. शेवटी जे जमलं ते असं: जुन्या तांबड्या लुगड्याचा मोठा तीनकोनी तुकडा, एकेरीच. कुठं मोडायचं त्या त्या जागी धावदोरा घातलेला. धावदोऱ्यावरून घड्या घालत गेलं की मधोमध आठ पदरांची पट्टी तयार व्हायची, आणि उरलेली तीन टोकं नाड्यांनी कंबरेला बांधली जायची. गिरणीच्या संडासात दिवसाही अंधार. तिथं डोळ्यांनी दिसलं नाही तरी बोटांना धावदोरा लागायचा आणि घडी बरोबर पडायची. धुवायला उलगडलं की पुन्हा एकेरी फडकं. नागपूरच्या उन्हात घटकाभरात कडक वाळेल असं.

पण उन्हात कोण घालणार?

ते तिला धुवून झटकताना दिसलं. तीन कोन, तीन नाड्या. अगदी लेकराच्या लंगोटासारखं. दिवसभर लेकरांचेच कपडे शिवणाऱ्या बाईला ते तीन महिने दिसलं नव्हतं. तिनं ते सरळ अंगणातल्या दोरीवर टाकलं, भर उन्हात, आणि दारात बसून राहिली. माणसं आली, गेली. कोणी मान वळवून पाहिलं नाही.

आई दुसऱ्या दिवशी आली तेव्हा घाबरली. "उन्हात? सूर्यनारायणासमोर? पाप लागीन ना बाई!"

"मी विचारलं त्याले."

"मंग? काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला. वाळवून देल्लं."

ही थट्टा नव्हती. आई सांगायची, त्याआधी देवकी आठ दिवस सकाळी तुळशीपाशी हात जोडून उभी राहायची आणि खरंच विचारायची.

आईनं पहिले दोन नेले. आमच्या घरी माझा भाऊ रांगता होता, तेव्हा दोरीवर दोन लंगोट जास्त दिसले तर कोणाला काय? महिन्याभरात तिच्या मांड्या भरून आल्या. मग रीलिंग खात्यात एकीनं दुसरीला सांगितलं. ज्यांच्या घरी लेकरू नव्हतं त्या शेजारणीच्या दोरीवर टाकायच्या, किंवा भाच्याचे म्हणायच्या. वर्षभरात चाळीसेक जणी झाल्या. देवकीकडं यायच्या नि बोळीत कोणी असलं तर विचारायच्या, "लंगोट हायेत का?" देवकी आतून विचारायची, "लेकरू तान्हं की मोठं?" तान्हं म्हणजे अंगावरून कमी जायचं, मोठं म्हणजे जास्त. कोणी ज्वारी आणायची, कोणी गूळ. कुहीकडं धानाच्या रोवण्याला जाणाऱ्या बायकाही नंतर नेऊ लागल्या.

नवीन कापड असलं की देवकी आधी स्वतः वापरून पाहायची. किती उन्हात वाळतं, कुठला टाका सुटतो, ते स्वतः पाहिल्याशिवाय दुसरीला द्यायची नाही. म्हणून तिच्या दोरीवर दर महिन्याला तीन-चार लंगोट असायचेच. बोळीला वाटायचं, शिवायचं काम आहे तिचं.

त्या उन्हाळ्यात जिजाबाई कुहीहून परत आली. तिनं नातू पाहिला आणि नातू दुपारी कोणाच्या मांडीवर असतो तेही पाहिलं.

"त्या बाईजवळ देते तू लेकरू?"

"चांगल्या हायेत त्या. मनूले त्यांच्याबिगर जेवण जात नाही," रुख्मिणी म्हणाली.

"जेवण जात नाही म्हणते! दोन घालवून बसली, तरी अक्कल नाही."

चैत्रातच मनोहरला ताप आला आणि हगवण लागली. डोळे आत गेले. रुख्मिणीला मागची दोन आठवली असणार, मी तिला दोष देत नाही. त्याच दोन दिवसांत त्याचा एक लंगोट दोरीवरून नाहीसा झाला. वाऱ्यानं गेला असेल, नाहीतर बकरीनं खाल्ला असेल. पण लहान लेकराचा कपडा हरवला की आमच्याकडं काय समजतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या बाईला मूल नाही ती दुसऱ्याच्या लेकराचा कपडा नेते, आणि त्या कपड्यातून लेकराचं आयुष्य आपल्या कुशीत ओढते. म्हणून तर तिन्हीसांजेच्या आत बाळोती घरात घेतात.

जिजाबाई दुपारी बोळीत येऊन उभी राहिली. देवकीच्या दोरीवर तीन लंगोट होते. आई आणि खात्यातली आणखी एक जण त्या दिवशी सुटी म्हणून तिथं आल्या होत्या, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं.

"हे कोण्या लेकराचे वं?" जिजाबाईनं विचारलं.

"शिवायचं काम हाय माझं," देवकी म्हणाली.

"शिवलेला लंगोट कोरा राह्यते. हे धुतलेले हायेत. वापरलेले हायेत. मी काय आंधळी हाय?" तिनं एक ओढून हातात घेतला, उजेडात धरला. "तुया घरात लेकरू कोणाचं? सांग! दर महिन्याले वाळत राह्यते म्हणे, सारी बोळ पाह्यते. कोणाकोणाच्या घरचे आणते तू?"

माणसं जमली. दुकानाचे हमाल आले. नत्थूजी गज हातात घेऊनच धावत आला. तो बायकोच्या मागं उभा राहिला. जिजाबाईच्या हातात काय आहे हे तिथं दोन बायकांना माहीत होतं. जिजाबाईच्या मनात ते येणं शक्यच नव्हतं. विटाळाचं फडकं कोणी बाई भर रस्त्यात, सूर्यासमोर टांगील, हे बोळीत कोणाच्याच मनात आलं नसतं. चाळीस बायकांचं सगळं त्याच्यावरच तर चाललं होतं.

आई पुढं झाली. "जिजाबाई, आयका—"

"प्रेमिला," देवकी म्हणाली, "तू घरी जा."

"अवं पण बाई—"

"जा म्हटलं ना."

रुख्मिणी मनोहरला खांद्यावर घेऊन उभी होती. तो ग्लानीत होता, पण देवकीचा आवाज ऐकून त्यानं मान उचलली. रुख्मिणी रडत म्हणाली, "देवकीबाई, एक डाव सांगा. कोणाचे हायेत ते सांगा. मी ऐकीन. मी आत्याबाईचं ऐकणार नाही, तुमचं ऐकीन."

आई म्हणायची, त्या वेळी देवकीनं दोरीकडं पाहिलं नाही, जिजाबाईकडं पाहिलं नाही. लेकराकडं पाहत होती. एक वाक्य बोलली असती तर तो परत मांडीवर आला असता, निदान ती करणी करणारी ठरली नसती. आणि उद्यापासून नागपुरातल्या प्रत्येक दोरीवरच्या प्रत्येक लंगोटाकडं लोकांनी निरखून पाहिलं असतं.

"सांगता येत नाही, रुख्मिणी," ती म्हणाली.

रुख्मिणीनं पदर लेकराच्या तोंडावर ओढला. "मंग आता माया लेकराले हात नका लावजा." असं म्हणून ती घरात गेली.

जिजाबाईनं तिन्ही लंगोट मीठ-मिरच्यांबरोबर बोळीच्या तोंडाशी जाळले. तिसऱ्या दिवशी मनोहरचा ताप उतरला. देवाची कृपा. पण बोळीला पुरावा मिळाला.

आई आठ दिवस रोज जायची. "मी एकट्या रुख्मिणीले सांगते. तिचा जीव हाय तुमच्यावर. ती पोटात ठेवीन."

"तिनं ठेवलं तरी तिच्या नवऱ्यानं विचारलं तं? सासूनं विचारलं तं? मी तुले शपथ घालते प्रेमिला, बाळकृष्णाची. मी मरेपर्यंत सांगायचं नाही."

"अन् तुमचं काय?"

"माझं काय! मशीन हाय ना."

आईनं शपथ घेतली आणि पाळली. तेव्हापासून देवकीच्या दोरीवर लुगडी आणि चोळ्या, बस. तिचं आपलं चुलीमागं, पोत्याखाली वाळायला लागलं. शिवलेले लंगोट आता आईच गिरणीत नेऊन द्यायची; चाळिसाच्या साठ जणी झाल्या, सगळ्यांचं उन्हात वाळायचं, शिवणारीचं सोडून. दुकानदाराच्या कानावर गेलं तसं त्यानं झबल्या-टोपड्यांचं काम बंद केलं. मग ती उशांच्या खोळी शिवू लागली. बाया दर्शनाला निघाल्या की तिला हाक मारेनात. ती एकटी दुपारी, देऊळ रिकामं असताना जायची.

मनोहर मोठा होत गेला. चालता, मग पळता, मग बोळीत गोट्या खेळणारा. देवकी दारामागून पाहायची, उंबऱ्यावर येत नसे. चार वर्षांचा असताना तो एकदा पतंगाच्या शेपटीला चिंधी मागायला दारापर्यंत आला. देवकीनं हात पुढं करायच्या आत जिजाबाईची हाक आली. तो मागं फिरला, आणि फिरताना त्याला शिकवलं होतं तसं तीनदा थुंकला. त्यात राग नव्हता हो. देवळापुढून जाताना आपण हात जोडतो ना, तसं लेकरू थुंकून गेलं. देवकीनं हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नेम चांगला हाय पोट्ट्याचा." आणि दुसरं बोलायला लागली.

पुढं लढाई सुरू झाली. जिजाबाई वारली. नत्थूजीच्या छातीत दुखणं धरलं, त्याचं काम सुटलं. रुख्मिणी गिरणीत लागली, रीलिंग खात्यातच, माझ्या आईपासून चार रीळं सोडून. आईनं तिच्याशी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पण शपथ आईला होती, बाकीच्यांना नव्हती. दुसऱ्याच महिन्यात कोणा म्हातारीनं रुख्मिणीची चाल पाहिली नि तिला एका कोपऱ्यात नेऊन एक तांबडं तीनकोनी फडकं हातात दिलं. "इथून मोड, मंग इथून. अन् उन्हात वाळव. लेकराचा लंगोट म्हणून."

आई सांगायची, रुख्मिणी ते हातात धरून उभीच राहिली. रीळ सुटलं, सूत तुटलं, जमादार ओरडला, तरी तिला ऐकू आलं नाही.

त्या रविवारी ती मनोहरला घेऊन देवकीच्या दारात गेली. आई तिथंच होती. मनोहर आता नऊ वर्षांचा, हडकुळा, गुडघ्यांवर खरचटलेलं. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"आत ये, मावशी हाय," रुख्मिणी म्हणाली.

तो आला नाही. रुख्मिणीकडं पाहत राहिला, मग बाहेर पाहायला लागला. तिकडं पोरं ओरडत होती.

"राहू दे त्याले," देवकी म्हणाली.

रुख्मिणी खाली बसली. मग म्हणाली, "तुम्ही तवा सांगितलं काहून नाही?"

"तू आता वाळवते ना उन्हात?"

"हो."

"कोणी काही म्हणते?"

"नाही. कोण काय म्हणीन? लहानी पोरगी हाय ना घरात, मनूच्या पाठची."

"मंग झालं."

रुख्मिणीनं पदर तोंडाला लावला. देवकीनं तिला पाणी दिलं, गूळ दिला, तिच्या लुगड्याच्या काठाचा उसवलेला टाका बसल्या बसल्या घालून दिला. इतक्या वर्षांत आईखेरीज तिच्या घरात एवढा वेळ कोणी बसलं नव्हतं. शेवटी ती हळूच म्हणाली, "झोपेत दचकते का अजून? तवा दचकायचा. मी छातीवर हात ठेवायची, मंग झोपायचा."

रुख्मिणीनं बाहेर पाहिलं. मनोहर केव्हाच पोरांत पळून गेला होता.

"नाही वं बाई. ते तं कवाचंच सुटलं," ती म्हणाली.

"हो का," देवकी म्हणाली. "मले नव्हतं माहीत."